रानाची विद्या, बाईची विद्या

रानावनात वावरणारी बाई म्हटली की आपल्याला २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्ट सर करणाऱ्या बचेंद्री पाल आठवतात. ते योग्यच आहे. पण आमच्या बाळकुममधून, इमारतींच्या फटींतून, येऊरचे डोंगर दिसले की मला शेवळे विकणाऱ्या आदिवासी बायका आठवतात.

पावसाच्या तोंडावर त्या ठाण्याच्या बाजारात जुड्या मांडून बसतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नुसते शिजवले तर घसा खाजतो. म्हणून जुडीबरोबर काकडाची आंबट फळे मिळतात. ‘आतला पिवळा भाग काढून टाका,’ असेही त्या बजावतात. शेवळाचा कोंब खुडायचा, कंद जमिनीत राखायचा; टाकळा कोवळा असतानाच घ्यायचा, कुर्डू फुलावर येण्याआधी. हे शास्त्र नाही तर काय?

या विद्येला प्रमाणपत्र नाही. ती आईकडून मुलीकडे जाते, तीही रानात पायी हिंडताना. रान आटले किंवा मुलीला टोपलीची लाज वाटू लागली, तर एका पिढीत ती पुसली जाईल.

यंदा जुडी घेताना घासाघीस जरा बाजूला ठेवा. ‘मावशी, हे ओळखायचं कसं?’ असे आपल्या लेकीला विचारू द्या.