गालिचा उलटून पाहा

घराची सजावट आणि हस्तकला या विषयावर कामगार संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाने बोलावे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. भिंतीला कोणता रंग शोभतो, पडदा कोणत्या कापडाचा असावा, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. आमचे शिक्षण यंत्रमागाच्या खडखडाटात आणि युनियनच्या कचेरीतल्या चार कपाटांतल्या पुस्तकांवर झालेले. परंतु दिवाणखान्यातली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी हातून आलेली असते, आणि त्या हातांना दिवसाकाठी काय मिळते याची चौकशी करणे हा तर आमचा धंदाच आहे. तेव्हा त्या बाजूने या विषयाकडे पाहू.

अलीकडे बेताच्या मिळकतीच्या घरांतही देशोदेशींच्या वस्तू दिसू लागल्या आहेत. जमिनीवर 'पर्शियन' गालिचा, कोपऱ्यात 'मोरोक्कन' कंदील, कोचावर 'तुर्की' किलीमची उशी. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. नक्षी नेहमीच देश ओलांडून जात आली आहे. आपल्या लुगड्यांच्या काठपदरांवरची कोयरीच पाहा. काश्मिरी शालींवर बसून ती युरोपात गेली, एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या पेस्ली या विणकरांच्या गावी त्या शालींच्या नकला निघू लागल्या, आणि आज इंग्रजी बोलणारे जग कोयरीला त्या गावाच्याच नावाने ओळखते. आपल्याकडच्या मुलीही आता दुकानात जाऊन 'पेस्ली' मागतात. कोयरी म्हटले तर दुकानदारालाच समजायचे नाही. असो.

पेस्लीचे नाव निघालेच आहे, तर तिथली एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या शाली विणताना रंगीत बाण्याबरोबर एक बारीक सुती धागाही टाकावा लागे. रंगीत धागे जागच्या जागी धरून ठेवायचे, एवढेच त्याचे काम. तो वरून दिसत नसे. दिसत नाही म्हणून मालक त्याचे पैसे देत नसत, आणि त्याच्यावाचून शाल टिकत नसे म्हणून विणकर तो पदरमोड करून घालीत. दीर्घ झगड्यानंतर १८५६ साली मालक नमले आणि त्या धाग्याचे पैसे विणकरांना मिळू लागले. जुलै महिन्याचा पहिला शनिवार पेस्लीत त्या धाग्याच्याच नावाने पाळतात, मिरवणूकही निघते. संपाच्या गोष्टी आम्ही पुष्कळ वाचल्या, परंतु न दिसणाऱ्या एका धाग्यासाठी झालेला हा झगडा आम्हांला फार मोलाचा वाटतो. हाताने केलेली कोणतीही वस्तू घेताना तिच्यातला न दिसणारा धागा कोणता, आणि त्याचे पैसे कोणी भरले, हे विचारण्याची सवय त्याने लावली.

आता गालिच्याकडे येऊ. आपल्या बाजारात 'पर्शियन' म्हणून विकला जाणारा हातचा गालिचा इराणातून आलेला असतोच असे नाही. पुष्कळदा तो उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर भागात विणलेला असतो. ही विद्या मात्र मुळात इराणकडूनच आली. अकबराने आपल्या कारखान्यांत गालिच्यांचे काम सुरू केले, आग्रा, फत्तेपूर आणि लाहोर येथे माग बसले. भदोहीच्या गालिच्याला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा नक्षी इराणची, हात भदोहीचे आणि पाटी 'पर्शियन', असा हा प्रकार आहे.

गालिचा विणणे म्हणजे कापड विणणे नव्हे. उभ्या मागावर ताणा ताणलेला असतो. विणकर लोकरीचा छोटा तुकडा ताण्याच्या दोन धाग्यांभोवती गुंडाळून गाठ मारतो आणि सुरीने तोडतो. पुन्हा दुसरी गाठ. एक ओळ झाली की आडवा धागा घालून पंजाने ठोकायची, मग पुढची ओळ. काश्मिरात नक्षीचा कागद नसतो. किती गाठी कोणत्या रंगाच्या, हे खुणांच्या लिपीत लिहिलेले असते. तिला 'तालीम' म्हणतात, आणि ती वाचत वाचत गालिचा पुढे सरकतो.

आता थोडे गणित करू. गणिताला भिऊ नये, मजुरीचा प्रश्न शेवटी गणिताशीच येऊन थांबतो. चौरस इंचात १०० गाठी असलेला गालिचा धरा. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच, म्हणजे १४,४०० गाठी. चार फूट बाय सहा फूट म्हणजे २४ चौरस फुटांच्या गालिच्यात झाल्या ३,४५,६०० गाठी. सरावलेला विणकर दिवसाला ६,००० गाठी मारतो असे धरले, तर एका माणसाचे जवळजवळ ५८ दिवस त्यात जातात. दिवसाची मजुरी हिशोबापुरती ५०० रुपये धरा. नुसती विणाईच २९,००० रुपयांची झाली. लोकर, रंगाई, धुलाई, कातरणी, व्यापारी आणि दुकानाचे भाडे अजून बाहेरच आहे. चौरस इंचात ६० गाठींचा जाडाभरडा माल घेतला तरी ३५ दिवस आणि १७,५०० रुपये होतात.

दुकानदार तसला गालिचा 'हाताने गाठलेला' म्हणून आठ हजारांना देऊ लागला, तर समजावे की एक तर तो गाठलेला नाही, किंवा कोणाच्या तरी ताटातले काढून तो आपल्या पायाखाली घातला जात आहे.

यातले पहिले ओळखणे सोपे आहे. गालिचा उलटून पाहावा. गाठलेल्या गालिच्याच्या पाठीवर नक्षी पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते आणि गाठी किंचित कमीजास्त असतात. त्याच्या टोकाच्या दशा म्हणजे ताण्याचेच धागे, शिवून लावलेले नव्हेत. पाठीला कापड चिकटवलेले असेल तर तो 'टफ्टेड'. ताणलेल्या कापडावर पिस्तुलासारख्या हत्याराने लोकर घुसवतात, मागून रबरी डिंक फासतात आणि वर कापड लावतात. हे कामही हातचेच, आणि ते करणारेही आमचेच लोक, परंतु दोन महिन्यांचे काम त्यात काही दिवसांत उरकते. स्वस्त हवा असेल तर तो खुशाल घ्यावा, पण टफ्टेड म्हणूनच घ्यावा. तिसरा प्रकार यंत्रावरचा. त्याची पाठ रेघ मारल्यासारखी एकसारखी असते.

दुसरे ओळखणे अवघड, कारण ते पाठ उलटूनही दिसत नाही. निर्यातदार ठेकेदाराला काम देतो, ठेकेदार मागवाल्याला, मागवाला विणकराला. मजुरी उक्ती, कामाच्या मापावर. मध्ये पोट भरायला उचल. उचल हा शब्द ऊसतोडीच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला समजावून सांगायला नको. घरात माग असला की बायको लोकर उलगडते, पोरे गुंडे करतात, आणि मजुरी मात्र एका नावावर लिहिली जाते. घरी बसून काम करणाऱ्यांना कामगाराचे हक्क द्यावेत असा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली केला. त्यावर सही करणारे देश फार थोडे.

स्वस्त गालिच्याची ही खोड जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात सरकारने तुरुंगांत माग बसवले. आपल्या पुण्याच्या येरवड्याच्या तुरुंगातही गालिचे विणले जात. आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला प्रचंड गालिचा विंडसरच्या राजवाड्यात आहे. कैद्याला बाजारभावाने मजुरी द्यायची नसते, तेव्हा त्याच्याशी भावात टक्कर देणाऱ्या बाहेरच्या विणकराचे काय झाले असेल हे सांगायला नको. जॉर्ज बर्डवूड या, आपल्या बेळगावात जन्मलेल्या इंग्रज पंडिताने तुरुंगाच्या या मालावर कडाडून टीका केली होती.

कैद्यांच्या नंतर लहान मुलांची पाळी आली. मुलांची बोटे बारीक म्हणून गाठ चांगली बसते, असे व्यापारी सांगत. आमचे मत असे की बोटांपेक्षा मजुरी बारीक असे, आणि खरे कारण तेच. १९८६ च्या कायद्याने गालिच्याच्या कामात मुले लावण्यास बंदी घातली. कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ साली 'रगमार्क' हे चिन्ह निघाले, २००९ पासून त्याचे नाव 'गुडवीव्ह' झाले. त्या चिठ्ठीवर क्रमांक असतो आणि त्यावरून गालिच्याचा माग काढता येतो. सत्यार्थींना २०१४ साली नोबेल मिळाले. २०१६ साली कायदा दुरुस्त झाला तेव्हा, धोक्याचे काम सोडून, शाळेची वेळ संपल्यावर घरच्या धंद्यात मुलाने मदत करण्यास मुभा ठेवली गेली. घर कोठे संपते आणि ठेका कोठे सुरू होतो, हे तपासणार कोण?

पितळेच्या वस्तूंविषयी थोडक्यात सांगतो. 'मोरोक्कन' म्हणून येणारे कंदील पुष्कळदा मुरादाबादचे असतात. तेथे ओतणारा वेगळा, घासणारा वेगळा, कोरणारा वेगळा, झिलई देणारा वेगळा, आणि प्रत्येकाचा भाव नगावर. घेताना खिशात लोहचुंबक असावा. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा.

हस्तकलेला सरकारचा आधार असावा म्हणून १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले, आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी ते नावारूपास आणले. ते मंडळ २०२० साली बरखास्त करण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरची जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा भदोही आणि मुरादाबादच्या मागण्या अडकून पडल्या. ज्या धंद्याचे गिऱ्हाईक बहुतेक परदेशात, त्याचा कारागीर परक्या सरकारच्या एका फर्मानाने रिकामा बसतो. म्हणून देशातल्या घरांनी जाणून घेतलेला एक गालिचाही आम्ही क्षुल्लक मानत नाही.

आणि परदेशी वस्तूंच्या नादात घरची एक वस्तू विसरू नये. गोधडी. जुनी लुगडी एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली. बंगालची कांथा हीच, आणि जपानातल्या शेतकऱ्यांची साशिको हीही तिचीच बहीण. कापड फाटले तरी टाकायचे नाही, एवढ्या एका गरजेतून तिन्ही जन्मल्या. आता शहरातल्या दुकानांत गोधडीला चांगला भाव येतो. आमच्या आयाबहिणींनी दुपारच्या दुपारी बसून घातलेल्या टाक्यांचा हिशोब मात्र कोणत्याच घरात कधी झाला नाही. गोधडी विकत घ्यायची झाल्यास ती शिवणाऱ्या बाईला किती दिवस लागले हे विचारावे. दुकानदार ते सांगू शकला नाही, तर त्याने ते तिला विचारलेलेच नाही.

घर लहान असेल तर दहा नकली वस्तूंऐवजी एकच खरी घ्यावी, हा आमचा साधा सल्ला. चार वर्षे पैसे साठवावे लागले तरी हरकत नाही. गालिच्याला आपल्याकडची दोन दुखणी आहेत, एक रोजची ओली फरशी आणि दुसरे कसर. फरशी पुरती वाळल्यावरच तो अंथरावा, पावसाळ्यापूर्वी उन्हे दाखवून झटकावा, आणि वर्षातून दोनदा फिरवून टाकावा, म्हणजे खिडकीकडचीच बाजू विटत नाही. टफ्टेड गालिच्याचा डिंक काही वर्षांनी भुगा होऊन फरशीवर सांडू लागतो, त्याला उपाय नाही. गाठलेला गालिचा मात्र भोक पडले तरी दुरुस्त होतो. रफूगार आधी ताणाबाणा नव्याने भरतो आणि मग जुन्याशी रंग जुळवून एकेक गाठ मारतो. अशी दुरुस्ती करून घेताना भाव इंचावर ठरवू नये, दिवसावर ठरवावा. सुरुवातीचा सगळा वेळ नुसते धागे भरण्यातच जातो, आणि तेवढ्यात इंच काही पुढे सरकत नाही.