डुक्कर फियाटमधून चिमुकल्यांची फेरी
जुनी 'डुक्कर फियाट' दुरुस्त होऊन दारात उभी राहिली, की नातवंडांना फेरी मारून आणण्याचा मोह आजोबांना आवरत नाही. हौस रास्तच, पण १९५० च्या दशकातील या मोटारीचे पुढचे दरवाजे मागच्या खांबाला बिजागरीने जोडलेले असतात. खटका नीट बसला नसेल, तर धावत्या गाडीत वाऱ्याच्या झोताने असा दरवाजा सताड उघडतो. डॅशबोर्ड पत्र्याचा, आसनांना पट्टे नाहीत. 'व्होल्वो'ने त्रिबिंदू पट्टा आणला तोच १९५९ मध्ये.

मूल मांडीवर घट्ट धरले की झाले, ही समजूत सर्वांत घातक. ताशी ४० किलोमीटर वेगातील गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर १० किलोच्या बाळाचा हिसका सुमारे १२५ किलो वजनाइतका होतो. तो कोणाच्याही हातांना पेलत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्ट्याविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे.

पट्टे नंतरही बसवता येतात. मात्र नुसत्या पत्र्यात नव्हे, मजबुती दिलेल्या जागी. गंजलेल्या तळाला ठोकलेला पट्टा धडकेत उपटून येतो. तोवर गाडी अंगणातच उभी ठेवून मुलांना मनसोक्त हॉर्न वाजवू द्यावा. शेजाऱ्यांची तक्रार येईल, एवढेच.