वसमतचे नवोदय

हिंगोली जिल्ह्याचे नाव बाहेर निघते ते हल्ली दोन गोष्टींमुळे. एक वसमतची हळद आणि दुसरी औंढा नागनाथ तालुक्यातली लायगो-इंडिया ही होऊ घातलेली गुरुत्वीय लहरींची वेधशाळा. तिच्यासाठी केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या पाचवीच्या वर्गात मात्र वसमत म्हटले की आधी आठवते ते तिथले नवोदय, म्हणजे केंद्र सरकारचे निवासी विद्यालय.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पाच तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या. बहुतेक वस्ती खेड्यांत. नवोदय विद्यालये काढली गेली ती अशाच मुलखासाठी. १९८५-८६ मध्ये पहिल्या दोन शाळा सुरू झाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. शिक्षणखाते तेव्हा पी. व्ही. नरसिंह राव यांच्याकडे होते. आंध्रचे मुख्यमंत्री असताना १९७१ मध्ये त्यांनी सर्वेल येथे गरीब घरच्या हुशार मुलांसाठी निवासी शाळा काढली होती. निजामाच्या राज्यातल्या खेड्यात वाढलेल्या आणि अस्खलित मराठी बोलणाऱ्या या माणसाला खेड्यातले हुशार पोर कुठे अडते, हे वेगळे सांगायला नको होते.

प्रवेशाचा मुख्य रस्ता म्हणजे पाचवीत असताना द्यायची परीक्षा. तीही एकदाच देता येते. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले निम्मे गुण बुद्धिमत्ता चाचणीचे आणि उरलेले अंकगणित व भाषेचे. प्रश्नपत्रिका मराठीतून मिळते आणि अर्जाला पैसे लागत नाहीत. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० मुले घेतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाला आणि एक तृतीयांश मुलींना. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्याच शाळेत झालेली असावी लागते.

आत गेलेल्या मुलाचे राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सगळे सरकारचे. नववीपासून दरमहा ६०० रुपये विकास निधी असतो; मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मुलांना तोही माफ. दिवस सुरू होतो पहाटेच्या पीटीने आणि संपतो रात्रीच्या अभ्यासिकेने. मुले अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशा हाऊसमध्ये वाटलेली असतात आणि शिक्षक आवारातच राहतात. रात्री नऊला गणित अडले तरी विचारायला माणूस हाताशी असतो. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेले म्हणून शाळा सुटण्याची भीती इथे उरत नाही.

नवोदयची खरी ओळख म्हणजे नववीतले स्थलांतर. वर्गातली सुमारे ३० टक्के मुले एक वर्ष हिंदी पट्ट्यातल्या नवोदयात शिकायला जातात आणि तिकडची मुले इकडे येतात. ज्या पोराने नांदेडपलीकडचे जग पाहिलेले नसते, ते वर्षभर दुसऱ्या भाषेत जेवते, भांडते, मैत्री करते. याच सुमारास गणित-विज्ञानाचे माध्यम मराठीवरून इंग्रजीवर जाते. सुरुवातीला पोरे चाचपडतात, मग रुळतात.

अडचण वेगळीच आहे. पाचवीतल्या परीक्षेच्या नावाने शिकवण्या निघाल्या, गाईडे आली, दहा वर्षांच्या मुलांवर ओझे वाढले. निवड झालेल्याचा गावात सत्कार होतो. न झालेला बाकीचे शिक्षण गावच्या शाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या प्रशालेत घेतो आणि अशी मुले ८० नव्हे, हजारोंनी आहेत.

नवोदयने एक गोष्ट सिद्ध केली. शिक्षक हाताशी असतील, पोटभर जेवण आणि रात्री अभ्यासाला उजेड असेल, तर हिंगोलीचे पोर कुणाला हार जात नाही. जमेल तेवढे हेच प्रशालांना द्यायला नवे धोरण लागत नाही. रिकाम्या जागांवर शिक्षक नेमले आणि संध्याकाळी अभ्यासिका उघडी ठेवली, तरी सुरुवात होईल.