रोटाव्हेटरचा जाम बोल्ट
पाती बदलताना एखादा बोल्ट हटूनच बसतो. आधी ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, रोटाव्हेटरखाली भक्कम लाकडी ठोकळे. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालू नका.

पान्याला पाइप लावून लगेच जोर मारू नका, डोकं झिजलं की काम दुप्पट. आटे तारेच्या ब्रशने घासा, डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर मुरू द्या. सकाळी नटावर हातोडीचे हलके ठोके. मग रिंग पान्याने आधी किंचित आवळा, हलला की सोडवा. पुढे-मागे करत काढा. तेल लावलेला बोल्ट गॅसने तापवू नका, भडका उडतो. नवीन बोल्ट जुन्याच ग्रेडचा घ्या, आकडा डोक्यावर कोरलेला असतो.