पडवीतल्या कारखान्याला उजेड किती हवा?

म्हसळा - कोकणातील घराला स्वतंत्र गॅरेज क्वचितच असते. दुचाकीची दुरुस्ती, सुतारकाम, किरकोळ वेल्डिंग ही सारी कामे पडवीत किंवा मागील दारी पत्र्याच्या शेडमध्ये चालतात. उन्हाळ्यात अंगणातच काम होत असल्याने दिव्याची आठवण होत नाही. जूनमध्ये झडीपासून बचाव म्हणून पडवी प्लॅस्टिकने बंद केली, की भरदुपारी दिवा लागतो. तोही बहुधा मध्यभागी टांगलेला एकच. काम करणाऱ्याची सावली नेमकी त्याच्याच हातावर पडते आणि कटर चालविताना ती बोटांवर बेतू शकते.

उजेड लक्समध्ये मोजतात. सुताराच्या बाकावर ३००, यंत्रावर ५००, तर पॉलिशसाठी ७५० लक्स असावेत, असे युरोपीय मानक सांगते. दहा बाय पंधरा फुटांची शेड म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर. तिला ३०० लक्ससाठी ४२०० ल्युमेन लागतात. पण काळवंडलेल्या भिंती आणि भुसा निम्मा उजेड गिळतात, म्हणून हिशेब आठ हजारांचा धरावा. २० वॅटची चांगली एलईडी ट्यूब सुमारे दोन हजार ल्युमेन देते. अशा चार पुरतात आणि आठ तासांत पाऊण युनिटही जळत नाही. त्या बाकाच्या दोन्ही अंगांना लावाव्यात. भिंतींना चुना देणे हा आणखी स्वस्त उपाय, पण तो सहसा कोणाला सुचत नाही.

खरा धोका मात्र डोळ्यांना न दिसणारा आहे. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. मिनिटाला १५०० फेरे घेणारे लेथ सेकंदाला २५ फेरे घेते. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात उजेडाचे चार ठोके. चार जबड्यांचा चक अशा उजेडात थांबल्यासारखा भासू शकतो आणि हात पुढे जातो. एलईडी असली म्हणजे हा दोष गेलाच असे नाही. स्वस्त एलईडीही लुकलुकते. मोबाईलचा कॅमेरा दिव्यावर धरल्यास पडद्यावर सरकणारे काळे पट्टे दिसले, तर तो दिवा यंत्राजवळ लावू नये.

लाकडाचा वा गाडीच्या रंगाचा मेळ घालायचा असेल, तर वेष्टनावरील 'सीआरआय' पाहावा. साध्या कामाला ८० चालतो, रंगाला ९० हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खाडीची खारी हवा असलेल्या या भागात उघड्या पट्ट्या लवकर गंजतात. त्यामुळे 'आयपी ६५' दर्जाची बंद फिटिंग घ्यावी, अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. दिव्यापेक्षा खर्च अधिक येतो खरा, पण ओल्या जमिनीवर उभे राहून यंत्र चालविणाऱ्याने तो टाळू नये.

राहता राहिला प्रश्न वीज जाण्याचा. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळानंतर तालुक्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. एरवीही पावसाळ्यात वीज अचानक जाते आणि चक्री मात्र काही क्षण फिरतच राहते. यासाठी यंत्राजवळ आपोआप पेटणारा एक बॅटरीचा दिवा असावा. वीज गेल्यावर आधी यंत्राचे बटण बंद करावे. नाही तर वीज परतताच पाते पुन्हा फिरू लागते.