दंतसेतू व दंतरोपण

पडलेल्या किंवा काढून टाकाव्या लागलेल्या दाताच्या जागी कायम राहणारा कृत्रिम दात बसविण्याच्या दोन प्रमुख पद्धती. सेतूमध्ये मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात कोरून लहान करतात, त्यांवर मुकुट चढवितात आणि या मुकुटांना जोडलेला कृत्रिम दात मधल्या जागेवर आणतात. रोपणामध्ये जबड्याच्या हाडात धातूचा मळसूत्री खुंट बसवितात व तो हाडाशी एकजीव झाल्यावर त्यावर मुकुट उभारतात. बोलीभाषेत या पद्धती अनुक्रमे ‘ब्रिज’ व ‘इम्प्लांट’ या नावांनी आणि मुकुट ‘कॅप’ या नावाने परिचित आहेत. कवळी रोज काढता-घालता येते. या दोन्ही रचना मात्र रुग्णाला तोंडातून काढता येत नाहीत.

दोन्ही पद्धतींमधील मूलभूत फरक आधाराचा आहे. सेतू शेजारच्या दातांवर उभा राहतो, तर रोपण हाडावर. त्यामुळे कोणती पद्धत स्वीकारावी, याचे उत्तर गेलेल्या दातापेक्षा मागे राहिलेल्या दातांच्या व हाडाच्या स्थितीवर अधिक अवलंबून असते.

दात गेल्यानंतर होणारे बदल : प्रौढ माणसाला अक्कलदाढा धरून ३२ दात असतात. प्रत्येक दाताचे मूळ हाडातील खोबणीत सु. ०·२ मिमी. जाडीच्या तंतुमय बंधाने धरून ठेवलेले असते. चावताना पडणारा भार या बंधातून हाडाकडे जातो व त्यामुळे खोबणीभोवतीचे हाड टिकून राहते. दात काढल्यावर हे कार्य थांबते आणि हाड झिजू लागते. पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते व यातील बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. गालाच्या व ओठाच्या बाजूची भिंत मुळातच पातळ असल्याने ती अधिक झिजते. याच काळात शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातील दात हळूहळू त्या जागेत उतरतो. हे बदल वेदनारहित असल्याने त्यांकडे दुर्लक्ष होते. काही वर्षांनी रुग्ण उपचारासाठी येतो, तेव्हा रोपणाला पुरेसे हाड व सेतूला पुरेशी जागा, या दोन्ही गोष्टी कमी झालेल्या असतात. म्हणून दात काढण्यापूर्वीच पुढील उपायाचा विचार करणे इष्ट ठरते.

तथापि प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असे नाही. अक्कलदाढ गेल्यास तिच्या जागी सहसा काहीच बसवीत नाहीत. नेदर्लंड्समधील दंतवैद्य कायसर यांनी १९८१ मध्ये असे मत मांडले की, पुढचे दात व उपदाढा मिळून सु. २० दात सुस्थितीत व परस्परांशी जुळणारे असतील, तर पुष्कळ लोकांचे चर्वणकार्य समाधानकारक चालते. म्हणजे अगदी मागची दाढ गेल्यावर काहीही न करणे हाही विचारात घेण्याजोगा पर्याय आहे.

इतिहास : सेतूची कल्पना प्राचीन आहे. इटलीतील इट्रुस्कन लोक इ. स. पू. सातव्या शतकाच्या सुमारास सोन्याच्या पट्ट्यांच्या साहाय्याने बदली दात शेजारच्या दातांना बांधीत असत. अमेरिकन दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ मध्ये मेणाच्या साच्यावरून सोन्याचे अचूक ओतकाम करण्याची पद्धत दंतवैद्यकात रूढ केली. धातूच्या सांगाड्यावर दाताच्या रंगाच्या चिनी मातीचा थर भाजून चढविण्याच्या कृतीचे पेटंट १९६२ मध्ये मिळाले. त्यानंतर सेतू बळकट व दिसण्यास स्वाभाविक असे दोन्ही होऊ शकले.

रोपणाचे प्राचीन उदाहरण माया संस्कृतीतील आहे. होंड्युरसमध्ये १९३१ साली सापडलेल्या, इ. स. ६०० च्या सुमाराच्या एका खालच्या जबड्यात पटाशीच्या दातांच्या जागी शिंपल्याचे तीन तुकडे बसविलेले आढळले. १९७० मध्ये घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून त्यांच्याभोवती हाड तयार झाले होते असे दिसून आले. म्हणजे ते त्या माणसाच्या हयातीतच बसविलेले होते. आधुनिक रोपणाचा पाया स्वीडनमधील शास्त्रज्ञ पर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी घातला. १९५२ मध्ये लुंड येथे सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करताना हाडात बसविलेले टिटॅनियमाचे उपकरण हाडाशी इतके घट्ट जडल्याचे त्यांना आढळले की, ते सुटे करता येईना. हाड व धातू यांच्या या थेट संयोगाला अस्थिएकीभवन असे म्हणता येईल. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर या तत्त्वानुसार दंतरोपण केले. त्या रुग्णाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २००६ पर्यंत, ती रोपणे कार्यक्षम राहिली. १९८२ मध्ये टोराँटो येथे भरलेल्या परिषदेनंतर या पद्धतीचा उत्तर अमेरिकेत व पुढे इतरत्र वेगाने प्रसार झाला.

सेतूची रचना : मोकळ्या जागेच्या दोन्ही टोकांच्या दातांना आधारदात म्हणतात. मुकुटासाठी जागा व्हावी म्हणून आधारदात सर्व बाजूंनी सु. १ ते २ मिमी. कोरतात. या कोरणीत दातावरील कठीण कवच, म्हणजे दंतवल्क, बहुतांशी जाते व पुष्कळदा त्याखालील दंतिनही उघडे पडते. दंतवल्क पुन्हा निर्माण होत नाही. त्यामुळे एकदा कोरलेल्या दातावर जन्मभर मुकुट ठेवावाच लागतो. कोरणीनंतर काही आधारदातांमधील मज्जा कालांतराने मृत होते आणि मूळनलिकेचा उपचार, म्हणजे ‘रूट कॅनल’, करावा लागतो. दात कोरून व मुखातील माप घेऊन झाल्यावर सेतू प्रयोगशाळेत तयार होतो आणि सामान्यतः दोन-तीन आठवड्यांत सिमेंटने बसविला जातो. या कामात शस्त्रक्रिया नसते.

सेतू किती लांब असावा, यासही मर्यादा आहे. १९२६ मध्ये मांडलेल्या व आजही मार्गदर्शक मानल्या जाणाऱ्या एका नियमानुसार आधारदातांच्या मुळांचे हाडातील एकूण क्षेत्रफळ हे गेलेल्या दातांच्या मुळांच्या क्षेत्रफळाइतके किंवा त्याहून अधिक असावे. एका बाजूलाच आधार असलेला अधांतरी सेतू दाढांच्या जागी सहसा वापरीत नाहीत. पुढच्या दातांसाठी चिकट सेतू हा सौम्य प्रकार उपलब्ध आहे. त्यात शेजारच्या दाताच्या मागील बाजूस सेतूचा पातळ पंख राळेने चिकटवितात व दात जवळजवळ कोरावा लागत नाही. तो कधीकधी सुटतो; परंतु सुटला तरी आधारदाताची हानी क्वचितच होते.

रोपणाची रचना : रोपणाचा खुंट बहुधा टिटॅनियमाचा असून त्याचा व्यास साधारणतः ३ ते ५ मिमी. आणि लांबी ८ ते १३ मिमी. असते. स्थानिक बधिरता आणून हाडात छिद्र पाडतात व खुंट त्यात फिरवून बसवितात. छिद्र पाडताना थंड द्रवाची धार सतत सोडावी लागते, कारण हाडाचे तापमान एक मिनिटभर ४७° से. इतके राहिले तरी त्याला इजा होऊन अस्थिएकीभवन फसण्याचा संभव असतो. ब्रोनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत खुंटावर भार देण्यापूर्वी खालच्या जबड्यात सु. तीन व वरच्या जबड्यात सु. सहा महिने थांबत. आता खुंटाच्या पृष्ठभागातील सुधारणांमुळे हा काळ पुष्कळदा कमी करता येतो. निवडक रुग्णांत खुंटासोबतच तात्पुरता मुकुटही बसवितात.

रोपण दातासारखे दिसत असले, तरी त्याची हाडाशी असलेली जोडणी दातासारखी नसते. त्याभोवती तंतुमय बंध नसल्याने भार पडल्यावर ते दाताप्रमाणे किंचित दबत नाही आणि चावताना होणारी सूक्ष्म दाबाची जाणीवही त्यात कमी असते. याच कारणास्तव एक टोक दातावर व दुसरे रोपणावर असलेला सेतू शक्यतो टाळतात.

निवडीचे निकष : (१) शेजारच्या दातांची स्थिती. खालची पहिली दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. ती दुधाची समजून दुर्लक्षिली गेल्याने किडून लवकर जाणाऱ्या दातांत तिचा समावेश होतो. तिच्या दोन्ही बाजूंचे दात निरोगी असतील, तर एका दातासाठी दोन चांगले दात कोरणे समर्थनीय ठरत नाही. तेथे रोपण श्रेयस्कर होय. याउलट त्या दातांत मोठी भरणी असतील किंवा मूळनलिकेच्या उपचारामुळे त्यांवर मुकुट बसवावेच लागणार असतील, तर सेतूमुळे वेगळे नुकसान होत नाही व एकाच कामात तिन्ही दातांची सोय होते. आधारदात हिरड्यांच्या रोगाने हलत असतील, तर सेतू घालू नये. अशा रुग्णात रोपणही रोग आटोक्यात आल्यानंतरच करावे.

(२) हाड. खालच्या जबड्यातील चेतातंतूच्या नलिकेपासून सु. २ मिमी. अंतर राखून खुंट बसवावा लागतो. तो तंतू दुखावल्यास ओठ व हनुवटी बधिर होतात. वरच्या दाढांच्या वर हवेची पोकळी असल्याने तेथे हाडाची उंची कमी पडते. कमी पडणारे हाड कलमाने वाढविता येते. मात्र त्यामुळे खर्च, काळ व गुंतागुंत वाढते. हाडाच्या अचूक मापासाठी त्रिमितीय क्ष-किरण चित्रण उपयुक्त ठरते.

(३) वय. जबड्यांची वाढ पूर्ण होण्यापूर्वी रोपण करीत नाहीत. हाडाशी जडलेला खुंट वाढत्या जबड्याबरोबर सरकत नाही व काही वर्षांनी त्यावरील दात इतरांपेक्षा आखूड दिसू लागतो. म्हणून अपघातात पटाशीचा दात गमावलेल्या शाळकरी मुलास चिकट सेतू किंवा छोटी कवळी देऊन वाढ संपेपर्यंत थांबतात. वार्धक्य हे मात्र स्वतः रोपणास अडथळा ठरत नाही.

(४) प्रकृती व सवयी. आटोक्यात नसलेला मधुमेह, जबड्यावर झालेला प्रारण उपचार आणि कर्करोगात शिरेतून दिली जाणारी हाडांची काही औषधे यांमुळे हाड नीट भरून येत नाही. अशा स्थितीत रोपण टाळणे किंवा तज्ञांच्या सल्ल्यानेच करणे योग्य. नियंत्रित मधुमेह असलेल्यांत रोपण यशस्वी होऊ शकते. हाडे ठिसूळ होण्याच्या विकारावर गोळ्या घेणाऱ्यांनी दंतवैद्यास तसे आधी सांगणे आवश्यक आहे. धूम्रपानाने रोपण अपयशी ठरण्याचा धोका वाढतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी व तंबाखू खाण्याची सवय टिकून आहे. सुपारीयुक्त पदार्थांमुळे तोंडातील अस्तर ताठर होऊन तोंड पुरेसे उघडत नाही व अशा रुग्णांत मागच्या बाजूस रोपणाची हत्यारे नेणेच दुष्कर होते.

(५) काळ व खर्च. एका दाताच्या बाबतीत रोपणाचा आरंभीचा खर्च सेतूपेक्षा सामान्यतः अधिक असतो व उपचार काही महिने चालतो. लागून असलेले अनेक दात गेले असतील किंवा मागे आधारदातच उरला नसेल, तर सेतू शक्य नसतो. तेथे रोपण व कवळी यांतूनच निवड करावी लागते.

टिकाऊपणा व निगा : रोपण जन्मभर टिकते व सेतू लवकर निकामी होतो, हा समज तपासून घेण्यासारखा आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पुनरावलोकनानुसार दहा वर्षांनंतर टिकून असलेल्या नेहमीच्या सेतूंचे प्रमाण सु. ८९ टक्के, एकेरी रोपणांवरील मुकुटांचेही सु. ८९ टक्के आणि अधांतरी सेतूंचे सु. ८० टक्के होते. या आकड्यांतून दिसून येत नाही तो फरक अपयशाच्या स्वरूपाचा आहे. सेतू निकामी होतो तेव्हा बहुधा मुकुटाच्या कडेखाली आधारदात किडलेला असतो व कधीकधी तोही काढावा लागतो. एका दाताची उणीव अशा रीतीने दोनांची होते. रोपण निकामी झाल्यास हानी त्याच्या भोवतीच्या हाडाची होते, शेजारचे दात सहसा वाचतात.

कृत्रिम दात किडत नाही, यावरून त्याला निगा लागत नाही असे समजणे चुकीचे आहे. सेतुदाताखाली अन्नकण साचतात. ते साध्या ब्रशने निघत नसल्याने दोरा किंवा फटीत जाणारा छोटा ब्रश वापरावा लागतो. रोपणाभोवती जंतूंचा थर साचल्यास हिरडी सुजते व पुढे हाड झिजते. हा विकार बराच काळ दुखत नाही आणि बळावल्यावर तो बरा करणे कठीण असते. मळसूत्र सैल होणे, मुकुटाचा टवका उडणे या किरकोळ तक्रारीही उद्भवतात. हिरड्यांच्या रोगामुळे ज्यांचे दात पूर्वी गेले, त्यांना रोपणाभोवतीच्या विकाराचा धोका अधिक असतो.

दंतवैद्याशी विचारविनिमय करताना रुग्णाने तीन गोष्टी समजून घ्याव्यात : शेजारच्या दातांचा किती भाग कोरला जाईल, हाड किती उपलब्ध आहे आणि केलेला उपाय फसल्यास पुढे कोणता मार्ग उरेल. निरोगी दात कोरण्याचे काम नंतर उलटविता येत नाही, तसेच झिजू दिलेले हाड सहज परत मिळत नाही. या दोन हानींपैकी कोणती अधिक टाळण्याजोगी आहे, हे प्रत्येक रुग्णाच्या तोंडाच्या प्रत्यक्ष तपासणीनेच ठरते. [⟶ दंतवैद्यक, दात].