पिकअप ‘सेल्फ’ घेत नाही, तेव्हा

पहाटे दूध घेऊन निघणारी डिझेल पिकअप सुरूच झाली नाही, तर दूध नासते आणि नुकसान उत्पादकाच्या पदरी पडते. अशा वेळी दोष स्टार्टरच्या, म्हणजे चालकांच्या भाषेतील ‘सेल्फ’च्या, माथी मारून नवा स्टार्टर बसविला जातो. पुष्कळदा हा खर्च अनाठायी ठरतो.

डिझेल इंजिनात इंधन ठिणगीने नव्हे, तर दाबाने तापलेल्या हवेमुळे पेटते. एवढ्या दाबाविरुद्ध इंजिन फिरविताना स्टार्टर बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह खेचतो. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट क्षार किंवा सैल अर्थची वायर त्या प्रवाहास अडथळा करते. म्हणून चावी फिरविताच हेडलाइट मंदावल्यास प्रथम बॅटरी व तिची जोडणी तपासावी. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. प्रकाश कायम राहून केवळ ‘टक्’ असा आवाज आल्यास मात्र सोलेनॉइड वा स्टार्टरविषयी संशय घ्यावा. इंजिन जोमाने फिरूनही सुरू होत नसेल, तर सेल्फ निर्दोष असतो; इंधनपुरवठा व ग्लो प्लग पाहावेत.

टर्मिनल साफ करताना ऋण बाजूची वायर आधी सोडावी. क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, टर्मिनल कोरडे करून घट्ट आवळावे व वरून व्हॅसलीन लावावे. सलग दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये. मध्ये मिनिटभर थांबावे. घाईत हेच विसरले जाते आणि चांगला स्टार्टर तापून जळतो.